सारथ्य आणि मजुरी

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अगदी आरंभीच्या वसाहतींत ठाण्याच्या ज्या वागळे इस्टेटची गणना झाली, तेथील पुष्कळशा कारखान्यांच्या जागी आज काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि बावीस क्रमांकाच्या रस्त्यावर पासपोर्ट सेवा केंद्रापुढे कागदपत्रांची फाइल छातीशी धरून आसपासच्या उपनगरांतली माणसे आपल्या नंबराची वाट पाहत असतात. परदेशगमनाचा कागदोपत्री आरंभ जेथे होतो, त्याच वस्तीच्या अंगाला, किसन नगर, श्रीनगर, इंदिरा नगर, लोकमान्य नगर या दाट मोहल्ल्यांत, त्या प्रवासाचा पहिला टप्पा पार पाडून देणारी माणसेही राहतात. पिवळ्या पाटीची मोटार कर्जावर घेतलेले, ‘एअरपोर्ट ड्रॉप’च्या भाड्यावर महिन्याचा हप्ता भागवणारे हे चालक. त्यांच्याविषयी लिहायचे ते एका जुन्या प्रश्नासाठी: मोल घेऊन केलेले कर्म धर्म होऊ शकते काय, आणि होत असेल तर मोल देणाऱ्याच्या वाट्याला त्यातले काय येते?

मुंबईहून दूरदेशी जाणारी बरीचशी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. ठाण्याहून विमानतळाला थेट रेल्वे नाही. घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाका आणि तेथून भुयारी मेट्रोने टर्मिनल असा मार्ग दिवसा उपलब्ध आहे खरा, पण रात्री तो बंद असतो, आणि तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा व सोबत म्हातारी आई असली म्हणजे दिवसादेखील त्याचा विचार कोणी करीत नाही. म्हणून घोडबंदरच्या एखाद्या सोसायटीच्या किंवा डोंबिवलीच्या एखाद्या चाळवजा इमारतीच्या दारात रात्री अकराच्या सुमारास गाडी येऊन उभी राहते. चालक डिकी उघडतो, मोठी बॅग आडवी, लहान उभी, लोणच्याच्या बरण्यांची पिशवी पायाशी, अशी सराईत मांडणी करतो, आणि बाजूला सरून फडक्याने पुढची काच पुसत राहतो. कारण त्याला ठाऊक असते, की अजून दही हातावर पडायचे आहे, पाया पडणे व्हायचे आहे, आणि डोळ्यांतले पाणी कोणी परक्याने पाहू नये अशी घरच्यांची इच्छा आहे. मग घरातली म्हातारी पुढे होते आणि मुलाला सोडून त्या परक्यालाच म्हणते, “सावकाश ने रे बाबा.” तो म्हणतो, “काळजी नका करू, आजी.” घरच्या माणसाचा जीव दुसऱ्याच्या हवाली करण्याचा एवढा मोठा व्यवहार एवढ्या थोड्या शब्दांत, कागद नाही की साक्षीदार नाही, क्वचितच कुठे होत असेल.

तीन हात नाका ओलांडून गाडी द्रुतगती मार्गाला लागते. आनंद नगरच्या नाक्यावर २०२४ च्या ऑक्टोबरपासून लहान मोटारींचा टोल माफ झाला आहे. पुढे ऐरोलीचा फाटा मागे पडतो, कांजूरपाशी जोगेश्वरीच्या जोडरस्त्याकडे वळण येते, पवईचा तलाव इमारतींमागे काळोखात राहतो, आणि एव्हाना मागच्या आसनावरचा प्रवासी बहुधा झोपलेला असतो. त्याला ज्याच्या भरवशावर झोप लागते, त्याने मात्र डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, एवढाच त्या दोघांमधला करार.

कठोपनिषदाने देहाला रथ, इंद्रियांना अश्व, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी कल्पून आत्म्याला रथात बसवले, तेव्हा सारथी हा रथीचा आपलाच होता. दुसऱ्याच्या बुद्धीवर आपला देह सोपवून निश्चिंत होण्याचा प्रसंग त्या रूपकात येत नाही. तो महाभारतात येतो. तेथे सारथ्य ही रथीच्या जयापजयाची अर्धी बाजू आहे: शल्यासारखा निष्णात सारथी मिळूनही त्याच्या तोंडच्या तेजोभंगाने कर्णाचे बळ रणातच खचू लागते, आणि शस्त्र न धरण्याचा पण केलेला श्रीकृष्ण हाती केवळ लगाम घेऊन पांडवांचा सर्वस्वी आधार होतो. ज्ञानेश्वरांना तर पहिल्या अध्यायातच याचे नवल वाटले, की भक्ताला पाठीशी घालून देव स्वतः पुढे उभा राहिला. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरणारा, जनाबाईसोबत दळणाला बसणारा देव ज्या परंपरेने मानला, तिला सेवेच्या कर्मात हीनपणा दिसणे शक्यच नव्हते.

येथे कोणी आक्षेप घेईल, की देवाने मजुरी घेतली नव्हती. हा चालक घेतो. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, परंतु त्यात मजुरी आणि फळ या दोन भिन्न वस्तूंची गल्लत आहे. मजुरी हा चालकाच्या वेळेचा, इंधनाचा आणि कौशल्याचा मोबदला. त्या प्रवासाचे फळ निराळेच आहे. मुलाचा पदवीदान समारंभ, आखातातली नोकरी, नातवाचे पहिले दर्शन, हे सगळे विमानाच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि त्यातला कणभर वाटाही चालकाकडे येत नाही. टर्मिनलच्या दारात बॅगा उतरवून, पोलिसाच्या शिट्टीसरशी गाडी हलवून तो मागे वळतो. ज्याला सुखरूप पोचवले त्याचे पुढे काय झाले हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. शिवाय मोबदला ठरतो तो किलोमीटरांचा. काळोखातून एकाएकी आडवा आलेला दुचाकीस्वार चुकवताना जी सावधानता त्याने खर्ची घातली, तिचा दर कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो. ती विकता येत नाही, म्हणून विकतही घेता येत नाही. ती द्यावी लागते. तेवढ्या अंशाने त्याचे कर्म धर्म आहे, भाड्याची रक्कम खिशात असताना देखील आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र हा विचार जेथे घसरतो ती जागा दाखवल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. फलत्यागाचा उपदेश ज्याचा त्याने स्वतःला करायचा असतो. लोकमान्य नगराला ज्यांचे नाव आहे, त्या टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या गीतारहस्यात कर्मयोग सांगितला तो कर्त्याला. कर्त्याकडून काम करवून घेणाऱ्याच्या सोयीसाठी तो सांगितलेला नाही. विमान दोन तास उशिरा उतरले असता बाहेर ताटकळत राहिलेल्या चालकाला प्रतीक्षेचे पैसे नाकारणारा, किंवा रात्रभर गाडी हाकलेल्या माणसाला पहाटे पुन्हा कल्याणहून दुसरे भाडे उचलायला लावणारा, आणि वर ‘हे तर तुझे कामच आहे’ असे म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या वैराग्यावर आपला संसार चालवतो. आपले फळ सोडणे हा त्याग; दुसऱ्याचे सोडवून घेणे ही लूट.

द्रोणपर्वात चौदाव्या दिवसाची एक कथा आहे, तिच्याकडे आपल्या कीर्तनकारांचे लक्ष व्हावे तितके गेलेले नाही. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. दिवस कलत चाललेला. मध्ये कौरवांची अफाट सेना. अशा वेळी घोडे बाणांनी जर्जर आणि थकलेले पाहून अर्जुन स्वतः रथातून उतरतो, जमिनीवर उभा राहून एकटा शत्रूला थोपवून धरतो, बाणांनी भूमी फोडून घोड्यांसाठी जलाशय निर्माण करतो. आणि श्रीकृष्ण घोडे सोडून, त्यांच्या अंगातले बाण उपसून, त्यांना चोळून, पाणी पाजून पुन्हा जुंपतो. त्या दिवशी अर्जुनाइतकी घाई जगात कोणाला नसेल. तरीही थकल्या जिवाला विसावा देण्याची तजवीज प्रथम रथात बसलेल्यानेच सुचवली.

मोटारीच्या यंत्राला थकवा नाही, म्हणून थकवा दिसतही नाही. घोड्याच्या तोंडाचा फेस रथीला समोर दिसे. चालकाच्या डोळ्यांतली झोप मागच्या आसनावरून दिसत नाही, आणि आरशात दिसली तरी घड्याळाकडे पाहणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. सरकारने १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती अशी मर्यादा घातली, पण २०२५ साली रद्द झालेला तो कायदा मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांसाठी होता. एकाच गाडीचा जो मालक तोच चालक, अशा माणसाच्या झोपेवर कोणत्याही दप्तराची नजर नाही. त्याचा हप्ता त्याला जागे ठेवतो, आणि त्याचे जागरण प्रवाशाला स्वस्त पडते.

म्हणून ज्यांना लवकरच कोठे जायचे आहे त्यांना माझी विनंती आहे. निघण्याची वेळ अर्धा तास अलीकडची सांगा, म्हणजे गाडी दामटायची पाळी चालकावर येणार नाही. गाडीत बसण्यापूर्वी त्याला झोप झाली का, जेवण झाले का, हे विचारा, आणि झाले नसेल तर वाटेत चहापुरते थांबायला सांगा. प्रतीक्षेचे पैसे त्याने मागण्याआधी द्या. आणि ‘झोप आलीय’ असे तो प्रामाणिकपणे म्हणाला, तर त्याचे भाडे न कापता दुसरी गाडी बोलवा.