निमंत्रण आणि आमंत्रण

"मामा, शॅल काय आणि मे काय, शेवटी कोर्ट लावेल तोच अर्थ."

दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवर भाचा सहज बोलून गेला आणि ते मला लागलं. माझ्या वडिलांच्या श्राद्धासाठी आम्ही काशीत आलो होतो. त्यांच्या नावाने निघणाऱ्या निधीचा इंग्रजी मसुदा त्याने लिहिला होता. गावातल्या दोन मुलींची फी विश्वस्तांनी भरायची, तिथे क्रियापद होतं 'मे'. भरता येईल, नाही भरली तरी चालेल. मी तिथेच पेन काढलं आणि बाराही कलमांत 'मे' खोडून 'शॅल' केलं.

मुभा आणि बंधन यांतला फरक कुणाला सांगायला नको. कायद्याच्या मराठीत आपण तो 'करता येईल' आणि 'करील' असा पाळतो. 'करील' दिसतो भविष्यकाळ, असतो हुकूम. 12 डिसेंबर 2015 रोजी पॅरिसचा हवामान करार एका 'शॅल'पाशी अडला. विकसित देशांच्या उत्सर्जनकपातीच्या कलमात तो होता, आणि अशा बंधनाला सिनेटची संमती लागेल म्हणून अमेरिका हटून बसली. अखेर मजकुरातली चूक म्हणून तिथे 'शुड' झालं, मग करार संमत झाला. शब्दात काहीच नसतं, तर सगळं जग का ताटकळलं?

भाच्याने उत्तर दिलं ते इथल्याच राज्याच्या खटल्याचं: उत्तर प्रदेश विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव, 1957. राज्यघटनेच्या अनुच्छेद 320 मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत चक्क 'शॅल' आहे. तरी तो सक्तीचा नाही, सल्ला राहून गेला म्हणून कारवाई रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

या घाटावर बसलं की आपली माणसं आठवतातच. पायऱ्या पेशव्यांनी बांधलेल्या, शेजारचा घाट अहिल्याबाईंचा. आणि काळे आडनावाचे नागेशभट्ट याच शहरात व्याकरण शिकवत. पाणिनीची सूत्रं उलगडणारी भट्टोजी दीक्षितांची सिद्धान्तकौमुदीही इथलीच. नागेशभट्टांनी तिच्यावर टीका लिहिली. पाणिनी क्रियापदाच्या लिङ् या एकाच रूपाचे, म्हणजे आपल्या विध्यर्थाचे, अनेक अर्थ देतो. त्यांत विधी आहे, निमंत्रण आहे, आमंत्रणही आहे. लग्नपत्रिकेत आपण शेवटचे दोन शब्द एकच समजतो. कौमुदी तसं समजत नाही. नोकराला कामाला लावणं हा विधी. आमंत्रण म्हणजे यावं, न यावं, तुमची इच्छा. निमंत्रण मात्र टाळता येत नाही. आणि त्याचं उदाहरण काय, तर श्राद्धाच्या जेवणाला बोलावलेला दौहित्र, मुलीचा मुलगा.

मी भाच्याकडे पाहिलं. माझ्या वडिलांचा दौहित्र तोच.

क्रियापदाचं रूप तेच. जोर येतो तो नात्यातून. म्हणजे भाच्याचं निम्मं बरोबर होतं, आणि मी बारा ठिकाणी केलेला 'शॅल' हा नोकराला लावायचा विधी होता. विश्वस्त तर माझ्याच भावंडांची मुलं. वार्षिक सभा कधी घ्यावी, पुस्तकं कोणती घ्यावीत, याला हुकूम कशाला? आणि सभेच्या तारखेलाही 'शॅल', फीलाही 'शॅल', मग न्यायाधीशाने तरी कशाला भारी मानावं?

पण त्याचं उरलेलं निम्मं मला मान्य नाही. कोर्ट अर्थ लावतं ते कोर्टापर्यंत पोहोचणाऱ्याला. फी न मिळालेली नववीतली मुलगी वकील कुठून करणार? ती फार तर शाळा सोडेल. तिच्यासाठी बोलणारं त्या कागदावर एक क्रियापदच आहे, म्हणून ते पक्कं हवं.

मी अकरा 'शॅल' परत खोडले. फीच्या कलमातला एक ठेवला आणि कागद भाच्याला दिला. त्याने तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. दुपारच्या गाडीचं त्याचं तिकीट होतं. ब्रह्माघाटावर गुरुजींकडे पानं मांडली जात होती, तिकडे तो माझ्याआधी चालू लागला.