त्याग खेळाडूचा, भाव संघाचा

डर्क नोविट्स्की या जर्मन बास्केटबॉलपटूला 2014 मध्ये दोन संघ चार वर्षांसाठी साडेनऊ कोटी डॉलरहून अधिक द्यायला तयार होते. त्याने आपल्या जुन्या डॅलस मॅव्हरिक्सशीच तीन वर्षांचा करार केला, सुमारे अडीच कोटींचा. वाचलेल्या पैशांत चांगले साथीदार मिळावेत आणि 2011 सारखं आणखी एक विजेतेपद पदरात पडावं, हा हिशेब. क्रीडारसिक गहिवरले. पैशामागे न लागणारा खेळाडू दिसला की त्याला देव्हाऱ्यात बसवायची घाई आपल्यालाही असतेच.

डॅलसने चँडलर पार्सन्सला घेतलं, तेही नोविट्स्कीच्या जवळपास दुप्पट वार्षिक पगारावर. पुढची दोन वर्षं संघ प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत गारद झाला. त्यानंतर 2019 मध्ये नोविट्स्की निवृत्त होईपर्यंत प्लेऑफचं दारही दिसलं नाही.

'पैसा की विजेतेपद' हा पेच खेळाडूच्या स्वभावातून आलेला नाही, तो नियमांनी घडवला आहे. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये 1984 पासून संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आहे. ती ओलांडता येते, पण एका टप्प्यानंतर मालकाला जबर कर भरावा लागतो. म्हणून मोठ्या खेळाडूने पूर्ण मोबदला घेतला की तो सहकाऱ्यांच्या ताटातलं ओढून घेतो असं चित्र उभं राहतं. या मर्यादेमुळे लहान शहरांतले संघही टिकून राहतात, आणि ती खेळाडूंच्या संघटनेने वाटाघाटी करूनच मान्य केली आहे, हे खरं. पण जिंकण्यासाठी पदरमोड कोणी करायची, हा प्रश्न दरवेळी खेळाडूलाच का विचारायचा? मार्क क्यूबन यांनी 2000 मध्ये डॅलसचा संघ 28.5 कोटी डॉलरना घेतला. 2023 मध्ये त्यातला मोठा हिस्सा विकला, तेव्हा संघाचं मोल साडेतीनशे कोटींच्या आसपास धरलं गेलं. त्या वाढीत नोविट्स्कीच्या एकवीस हंगामांचा वाटा किती, हे कुणी मोजलं नाही. मैदानाबाहेर पुतळा मात्र उभारला. आणि नव्या मालकांच्या काळात, फेब्रुवारी 2025 मध्ये, त्याचा वारसदार मानला गेलेला लुका डॉन्चिच एका रात्रीत लॉस एंजेलिसला धाडला गेला. निष्ठेची अपेक्षा एकतर्फीच असते, हे डॅलसच्या चाहत्यांना त्या रात्री कळलं.

करंडकासाठी धावणाऱ्याचंही कौतुक होतंच असं नाही. कार्ल मलोनने 2003 मध्ये, चाळिशीला टेकलेला असताना, जवळपास दोन कोटींचा पगार सोडून लॉस एंजेलिस लेकर्सकडे अवघ्या पंधरा लाखांत खेळणं पत्करलं. गुडघा दुखावला, अंतिम मालिकेत डेट्रॉइटने लेकर्सना धुळीला मिळवलं आणि मलोन विजेतेपदाविनाच निवृत्त झाला. त्याची कीव केली गेली. याउलट केव्हिन ड्युरांट 2016 मध्ये आपल्या संघाला हरवणाऱ्या गोल्डन स्टेटलाच जाऊन मिळाला. वर्षभराने त्याने पगारातही घट सोसली. दोन विजेतेपदं मिळाली, दोन्ही वेळा अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. तरी त्याला पळपुटा म्हणणारे आजही आहेत. त्याग आपल्या संघासाठी केला तरच तो त्याग. दुसऱ्यासाठी केला की संधिसाधूपणा!

शिवाय हा त्याग कुणाला परवडतो? जेलन ब्रन्सनने 2024 मध्ये न्यूयॉर्क निक्ससाठी सुमारे अकरा कोटी डॉलर सोडले असं मानलं जातं. उरले साडेपंधरा कोटींच्या वर. चार-पाच हंगामांत कारकीर्द आटोपणाऱ्या राखीव खेळाडूने मिळेल तो पैसा घ्यावा. त्याला निष्ठेचे धडे देणं निव्वळ दांभिकपणा आहे.

आयपीएलमध्येही संघाच्या खर्चाला मर्यादा आहे, पण लिलावात नाव गेलं की कुठे खेळायचं हे खेळाडूच्या हाती राहत नाही. निवडीला थोडी जागा उरते ती संघात कायम राहताना. 2022 साठी चेन्नईने जाडेजाला 16 कोटी रुपयांवर पहिल्या क्रमांकाने राखलं, धोनीने 12 कोटींवर दुसरा क्रमांक पत्करला. तो हंगाम वाया गेला. पण 2023 च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून करंडक आणला तो जाडेजानेच. धोनीचा हिशेब जमला, नोविट्स्कीचा फसला. त्यागाची जात दोन्हीकडे एकच होती.

तेव्हा पुढच्या लिलावाच्या बातम्या वाचताना नजर जरा वरच्या आकड्यांकडेही जाऊ द्या. ऋषभ पंतच्या 27 कोटींवर आपण तावातावाने वाद घातले. त्याला घेणारा लखनौचा संघ 2021 मध्ये 7,090 कोटींच्या बोलीला गेला होता.