भेट आणि परतफेड

मनुष्य दुसऱ्यास काही देतो तेव्हा तो खरोखर देतो की फेडतो, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. नाताळचा महिना लागला आणि घराघरांतून बाजाराची यादी निघाली, की तो किती अवघड आहे हे कळते. त्याचा विचार आज आपण दूर जपान देशात, तोकियो शहराच्या बाजारात उभे राहून करू. परक्या बाजारात आपल्याच चाली अधिक स्पष्ट दिसतात.

संगणकाच्या कामासाठी महाराष्ट्रातील पुष्कळ तरुण अलीकडे तोकियोस राहतात. शहराच्या पूर्वेस निशी-कासाई म्हणून भाग आहे, तेथे तर भारतीयांची मोठी वस्ती झाली आहे. मुखेडकडील एखाद्या मंडळीतला मुलगा तेथे गेला आहे आणि डिसेंबराच्या चोविसाव्या तारखेस संध्याकाळी खरेदीस निघाला आहे, असे समजू. वाटेत शिंजुकूचे स्टेशन लागते. त्या एकट्या स्टेशनातून रोज सुमारे तीस लाख माणसे ये-जा करतात. २०११ च्या खानेसुमारीत आपल्या सबंध नांदेड जिल्ह्याची वस्ती ३३ लाखांच्या वर भरली. ह्यावरून त्या गर्दीची कल्पना करावी.

रस्तोरस्ती दिव्यांची आरास, दुकानांत ख्रिस्तजन्माची गीते; परंतु त्या गर्दीत शंभरांत ख्रिस्ती मनुष्य एखादाच. पंचविसाव्या तारखेस कचेऱ्या नेहमीप्रमाणे उघडतात. १९०० साली मेइजिया नावाच्या पेढीने गिन्झा पेठेत दुकान मांडले, तेव्हापासून तेथे नाताळच्या सजावटीची चाल वाढली असे सांगतात. १९७४ साली एका अमेरिकन कंपनीने जाहिरात केली आणि नाताळास तळलेली कोंबडी खाणे हा रिवाजच होऊन बसला. लोक ती आगाऊ सांगून ठेवतात व रांगा लावून नेतात. मलई आणि स्ट्रॉबेरी घातलेला केक घरोघर जातो. सव्वीस तारखेस तीच दुकाने नाताळचे झाड उतरवून पाइन व बांबू ह्यांची नववर्षाची तोरणे मांडतात. आपल्या मुलास हे पाहून खेद वाटेल. नाव आमच्या प्रभूचे आणि प्रभूचे कोणास ठाऊक नाही!

त्या खेदाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा मनुष्य सोळाव्या शतकात जपानास गेला. तो ती भाषा उत्तम बोले. प्रथम त्याने तेथे धर्मशिक्षकाचे काम केले, नंतर व्यापारही केला. पुढे व्यापार सोडून तो फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह वधस्तंभावर मेला. तो रोमी पंथाचा होता, म्हणून आम्ही प्रॉटेस्टंटांनी त्याचे नाव गाळावे असे मला वाटत नाही. पुढे १६१४ पासून १८७३ पर्यंत त्या देशात ख्रिस्ती धर्मास बंदी होती. ज्याने नफ्याचा हिशेब जाणून तो सोडला, त्याने त्या लोकांस काय दिले आणि त्याबद्दल कोणाकडून काय मागितले? आजची गर्दी त्यास ओळखत नाही. ओळखावे अशा अटीवर त्याने ते दिले नव्हते.

आता खरेदीकडे वळू. तेथील मोठ्या दुकानांत घासाघीस नाही. पैसे हातात न देता तबकात ठेवावयाचे. विकणारी बाई वस्तू कागदात सुबक बांधते आणि वाकून देते. वर बक्षीस देऊ गेल्यास घेत नाही. पण ह्याच दुकानांत डिसेंबराच्या आरंभापासून दुसरीही एक खरेदी चाललेली असते. तिला ओसेइबो म्हणतात. वर्षभर ज्यांचे उपकार झाले, तो वरिष्ठ, तो गुरू, तो लग्न जुळविणारा, अशांस वर्षाखेर चहा, तेल, मांस इत्यादी वस्तू पाठवावयाच्या. शिवाय शुभ किंवा शोकाच्या प्रसंगी देणगी आल्यास तिच्या सुमारे निम्म्या किंमतीची वस्तू परत करावयाची. तिला हांगाएशी, म्हणजे अर्धी परतफेड, असा शब्दच आहे.

हे ऐकून आपण हसू नये. लग्नघरी मांडवाच्या तोंडाशी वही घेऊन बसलेला मनुष्य आपणही पाहिला आहे. अमक्याचे लुगडे, तमक्याचे एकशे एक रुपये, सर्व लिहिले जाते. आणि त्याच्या घरी कार्य निघाले की वही उघडून पाहिल्यावाचून कोणी निघत नाही. ह्या वहीस मी सर्वस्वी वाईट म्हणत नाही. उपकार विसरणाऱ्यापेक्षा तो लिहून ठेवणारा बरा. परंतु तिच्यात एक मोठे उणे आहे: ज्यास फेडता येत नाही, त्याचे नाव तिच्यात येत नाही. लूकाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीस कोणास बोलवावे ह्याविषयी प्रभूने जे सांगितले, ते नेमके ह्याच लोकांविषयी आहे.

आपला मुलगा त्या गर्दीत कोणाच्याच वहीत नाही. त्याचे कोणी देणे लागत नाही, तोही कोणाचे लागत नाही. म्हणून त्या संध्याकाळी तो जे घेईल ते कोणासाठी, हे त्यास स्वतः ठरवावे लागते. घरी असताना ते यादीने ठरलेले असते.

येथे कोणी म्हणेल, परतफेड न मागता दिलेल्या वस्तूने घेणाऱ्याची मान खाली जाते. आक्षेप खरा आहे. मिशनच्या छायेत वाढलेल्या मंडळ्यांस तर तो चांगलाच ठाऊक आहे. ह्याचे उत्तर मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. अमेरिकेहून परतताना १८८८ च्या अखेरीस त्या जपानात उतरल्या होत्या. विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन बोस्टनच्या मंडळाने त्यांस दिले होते. तो पैसा परत करण्याजोगा नव्हता, आणि कोणी परत मागितलाही नव्हता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. बोस्टनहून आलेले बोस्टनला परत न जाता, ज्या मुलींस दारात कोणी घेत नव्हते त्यांजकडे पुढे गेले. अशा घेण्याने मान खाली जात नाही.

आमच्या तालुक्यात नाताळचे कपडे पुष्कळदा उधारीवर येतात, किंवा ऊसतोडीच्या उचलीतून. ज्या भेटीसाठी कर्ज काढावे लागते, ती देणाऱ्यास सावकाराच्या वहीत बांधते आणि घेणाऱ्यास आहेराच्या. मरीया व योसेफ बाळ येशूस घेऊन मंदिरात गेले, तेव्हा त्यांचे अर्पण दोन पक्ष्यांचे होते. नियमशास्त्राने ते गरिबांसाठी ठरविले होते. कोकरासाठी त्यांनी कर्ज काढले नाही.

नाताळ ऊसतोडीच्या ऐन हंगामात येतो. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे त्या दिवशी परक्या शिवारात, उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहिलेली असतात. पहाटे कोयता घेऊन निघतात, आणि तारीख कोणती हे मुलांस ठाऊक नसते. त्यांच्याकडून आहेर परत येण्याचा संभव नाही. उपदेशक बंधूंनी पार्सल पाठवावयाचे मनात आणले, तर टोळी कोणत्या कारखान्यावर आहे हे मुकादमाच्या घरी कळेल, आणि ते घर बहुधा गावातच असते.