कठडा नसलेली विहीर

शास्त्रभाग: निर्गम 21:33-34, लूक 13:1-5



आपल्या मराठवाड्यांत पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधून घेतलेल्या गड्यास सालगडी म्हणतात. पुष्कळदां तो अठरा-वीस वर्षांचा तरुण असतो. गुरांस वैरण घालणें, शेण काढणें, रात्रीं-अपरात्रीं वीज आली कीं मोटार चालू करावयास विहिरीवर जाणें, हें सर्व त्याच्याकडे. उचल घरांत आधींच खर्च झालेली असते. म्हणून अंधार आहे, निसरडें आहे, असें म्हणण्याची त्यास सोय नसते.

अमेरिकेंत 1865 नंतर टेक्ससांतून उत्तरेकडे गुरांचे कळप हांकीत नेणारे पोरगेही असेच परक्याच्या जनावरांमागें गेले. कोणी नदी उतरतांना बुडाले, कोणी रिकिबींत पाय अडकून घोड्यामागें फरफटत मेले, व वाटेवरच पुरले गेले. आपल्याकडे रिकीब नाहीं, पण विहीर आहे.

18 जुलै 2024 रोजीं पंढरपुराहून परतणाऱ्या भाविकांची गाडी जालना-राजूर रस्त्यालगतच्या विहिरींत पडून सात जण मरण पावले. 4 एप्रिल 2025 रोजीं नांदेड जिल्ह्यांतील आलेगांव येथें शेतमजूर स्त्रियांचा ट्रॅक्टर विहिरींत गेला. हिंगोली जिल्ह्यांतील गुंज गांवच्या सात जणी बुडाल्या. ह्या वार्ता सर्वत्र छापून आल्या. एकटा गडी पाय घसरून पडतो, त्याच्या वांट्यास चार ओळी येतात.

मग शेजारी म्हणतात, त्याचें भरलें होतें. किंवा हळूच म्हणतात, आईबापांचें कांहीं पाप असेल. आपल्या मंडळींतही हें बोलणें चालतें, ही लाजेची गोष्ट होय. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं हें प्रभूनें साफ नाकारलें, आणि प्रश्न ऐकणाऱ्यांकडेच वळविला: पश्चात्ताप त्यांनींच करावयाचा होता.

कशाचा पश्चात्ताप? मोशेचें नियमशास्त्र येथें फार रोखठोक आहे. खड्डा खणून जो झांकीत नाहीं, त्यानें त्यांत पडलेल्या बैलाची किंवा गाढवाची किंमत भरावी. नवें घर बांधणाऱ्यानें छपरास कठडा करावा, नाहींतर पडणाऱ्याचें रक्त त्या घरावर येईल (अनुवाद 22:8). देवाची इच्छा म्हणून सुटण्यास त्यांत जागा ठेविलेली नाहीं.

गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवें शासनाची जी अपघात योजना आहे, तिच्यांत मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात. पण ते खातेदार शेतकऱ्याच्या व त्याच्या घरांतील एकाच्या मृत्यूस. सालगड्याजवळ सातबारा कोठून येणार? त्याच विहिरींत मालक पडला तर त्याच्या घरास आधार आहे, गडी पडला तर नाहीं. मोशेच्या काळीं बैलाची तरी किंमत होती!

जालन्याजवळ रे. नारायण शेषाद्री ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांत बेथेल वसविलें, तेव्हां आपले बहुतेक वाडवडील दुसऱ्याच्या शेतांत राबत होते. आज आपल्यांतील कांहीं स्वतः मालक आहेत व गडी ठेवितात. हा शास्त्रभाग प्रथम त्यांच्यासाठीं आहे.

उपदेशक बंधूंनो, मेलेल्याच्या घरीं जाल तेव्हां अर्थ सांगण्याची घाई करूं नका. शूनेमच्या बाईचा मुलगा शेतांत कापणी करणाऱ्यांकडे गेला, डोकें दुखतें म्हणाला, आणि दुपारीं आईच्या मांडीवर मेला (2 राजे 4). तिनें येऊन अलीशाचे पाय धरले. गेहजी तिला लोटूं लागला, तेव्हां संदेष्ट्यानें त्यास आवरलें व कबूल केलें कीं, हें देवानें मला कळविलें नाहीं. येवढ्या मोठ्या संदेष्ट्यास जें कळलें नव्हतें, तें आपणांस कळल्याचा आव कशाला?

आणि मालक बंधूंनो, येत्या पाडव्यास गडी ठरवितांना पैसे मोजण्याच्या आधीं त्याला विहिरीवर न्या, व कठडा नसेल तर आधीं तो बांधा. ज्याच्या शेतांत असा मुलगा आधींच गेला आहे, त्यानें उचल फिटली हें त्याच्या आईस आपण होऊन जाऊन सांगावें. ती विचारावयास येईपर्यंत थांबूं नये.