पोटात घालण्याविषयी

मोठ्या मनाच्या माणसाचं वर्णन करताना आपण म्हणतो, "सगळं पोटात घालतो हो!" पण पोटात घातलेलं पुढे जातं कुठे, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. मलाही हा प्रश्न सुचला तो सॅन डिएगोला मुलाकडे गेलो असताना, एका शेवाळाकडे बघून.

चिरंजीवांनी दिवाणखान्यात समुद्र पाळला आहे. खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात प्रवाळ आणि चार मासे. माशांना खायला घातलं की पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साचतात, ते प्रवाळांना सोसत नाहीत. म्हणून खालच्या कपाटात दुसरी टाकी, आणि तीत चेटोमॉर्फा नावाचं शेवाळ. दिसायला हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याचा गुंता. वरचं पाणी खाली येतं, शेवाळ त्यातलं नको ते शोषून घेतं, आणि पाणी शुद्ध होऊन वर जातं. पाहुणे वरच्या टाकीपुढे 'वा वा' करतात. कपाट कुणी उघडत नाही. मला एकत्र कुटुंबातली थोरली सून आठवली.

मी म्हटलं, "किती गुणी रे! सगळं पोटात घालतं."

"म्हणूनच बाबा, ते दर आठवड्याला अर्धं काढून टाकायचं. ते इथे आहे तोवर घाणही इथेच आहे, फक्त दिसत नाही. फार माजलं की आतल्या भागाला उजेड मिळत नाही. तो कुजतो आणि खाल्लेलं परत पाण्यात येतं."

त्याचा भाऊबंद कॉलर्पा तर याहून वरचढ. फांद्या-पानांचा एवढा पसारा, पण सगळी मिळून पेशी एकच! तो निमूटपणे शोषत राहतो, आणि एखाद्या रात्री बीजपेशी सोडून पांढरा पडतो. सकाळी टाकीत पातळ ताक.

हे ऐकताना मी आमच्या हिच्याकडे बघायचं टाळलं. बारशाच्या दिवशी माझ्या बहिणीने काढलेले उद्गार हिने तिथल्या तिथे पोटात घातले होते. बारसं ज्याचं, त्याच्याच लग्नात, 28 वर्षांनी, ते स्वल्पविरामासकट बाहेर आले.

मग मधल्या 28 वर्षांची क्षमा खोटी होती काय? मला नाही तसं वाटत. शेवाळ शोषतं ते खरंच शोषतं. पण गिळायला शिकवताना आपण कात्री कुणाच्या हाती दिली नाही. आणि पोटात घालण्याचं कौतुक सर्वांत मोठ्यांदा कोण करतं? वरच्या टाकीतले मासे!

तुम्ही म्हणाल, मग काढावं आणि द्यावं फेकून. तेही सोपं नाही. 1984 साली मोनॅकोच्या समुद्र-संग्रहालयाखाली, पाण्यात, कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा चौरस मीटरभर तुकडा दिसला. पुढे तो भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टर पसरला. 2000 साली इथेच, सॅन डिएगोजवळ कार्ल्सबादच्या खाजणात तो उगवला. बहुधा कुणीतरी आपली टाकी स्वच्छ केली होती! ताडपत्र्या अंथरून, खाली क्लोरीन सोडून, 2006 साली तो संपल्याचं जाहीर झालं. खर्च सुमारे 70 लाख डॉलर. दरम्यान 2001 साली कॅलिफोर्नियाने कॉलर्पाच्या 9 जाती बाळगायला बंदी केली. साहेबाचा राग घरी येऊन मुलावर काढणारेही आपली टाकी अशीच स्वच्छ करत असतात.

म्हणून चिरंजीव काढलेलं शेवाळ पिशवीत बांधतात, रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवतात आणि मग कचऱ्यात टाकतात. वाटाण्यांशेजारी ते ठेवायला हिची हरकत आहे, पण मला त्यात नीतिशास्त्र दिसतं. थोडं थोडं काढावं, वेळच्या वेळी काढावं, आणि त्यातला जीव आपल्याच घरात काढून मग बाहेर टाकावं. माणसांच्या बाबतीत म्हणजे, ज्याचं त्याला, त्याच आठवड्यात, सांगून मोकळं व्हावं.

हे सारं मी हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, "मग वन्संना फोन लावून द्या."

आमच्याकडे रात्र होती, पण भारतात छान सकाळ होती. सबब उरली नाही.