प्रबंध, मौखिकी आणि न्यायबुद्धी

साहित्याच्या पदव्युत्तर शिक्षणात संशोधनाचे मूल्यमापन हा विषय बहुधा प्रशासनाच्या कक्षेत ठेवला जातो. परीक्षक किती असावेत, पृष्ठसंख्येची मर्यादा काय असावी, मौखिकीला किती गुण असावेत यांवर अभ्यासमंडळांत चर्चा होते. परंतु परीक्षक एखाद्या प्रबंधाला मान्यता देतो तेव्हा तो नेमके कशाविषयी विधान करीत असतो, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. वस्तुतः हा प्रश्न नैतिक आहे. प्रबंधाला दिलेली मान्यता म्हणजे पुढील अभ्यासकाला दिलेली एक ग्वाही असते : या लेखनातील विधानांवर विसंबून आपला विचार पुढे नेण्यास हरकत नाही. ग्वाही खोटी ठरली तर फसवणूक केवळ एका विद्यापीठाची होत नाही, तर अद्याप अभ्यासालाही न लागलेल्या वाचकाची होते.

या प्रश्नाला अलीकडे अधिक व्याप्ती आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम. फिल. ही पदवी बंद केली. दुसरीकडे, नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या एम. ए.च्या रचनेत तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आला. म्हणजे संशोधनाची पूर्वतयारी ज्या पायरीवर होत असे ती काढली गेली आणि संशोधनाची अपेक्षा मात्र एक पायरी खाली उतरली. पूर्वी मोजक्यांची होणारी परीक्षा आता बहुसंख्यांची होऊ लागली आहे. अशा वेळी मूल्यमापनाचे निकष स्पष्ट नसतील, तर गुणदान हे सवयीचे किंवा सौजन्याचे कृत्य होऊन बसते.

प्रचलित गुणपत्रकात विषयनिवड, साधनसामग्री, पद्धती, विश्लेषण आणि सादरीकरण असे रकाने असतात व त्यांची बेरीज केली जाते. या विभागणीमागे एक गृहीतक आहे : संशोधन ही एक वस्तू आणि सादरीकरण हे तिच्यावरचे वेष्टन. कवितेच्या संदर्भात आशय आणि अभिव्यक्ती यांचे द्वैत ठामपणे नाकारणारे समीक्षक परीक्षकाच्या खुर्चीवर बसताच ते द्वैत विनातक्रार स्वीकारतात, ही विसंगती लक्षणीय आहे. अर्थात कविता आणि प्रबंध यांत एक मूलभूत भेद आहे. कवितेतील शब्द बदलले की कविता बदलते. संशोधनातील विधान मात्र दुसऱ्या शब्दांत मांडता आले पाहिजे. तसे मांडता येत नसेल, तर ते विधान करणाऱ्यालाच त्याचा अर्थ उमगलेला नाही असे मानावे लागते. मौखिकीचे खरे प्रयोजन येथे आहे. लिहिलेले विधान वेगळ्या शब्दांत, अनपेक्षित प्रश्नासमोर, पुन्हा उभे करता येते काय, याची ती कसोटी आहे. त्या अर्थाने सादरीकरण हे संशोधनाचेच अंग ठरते. मात्र त्याचा अर्थ उत्तरदायित्व असा घ्यावा लागतो; वक्तृत्व असा घेता येत नाही.

न्यायदर्शनाने चर्चेचे जे तीन प्रकार सांगितले आहेत ते येथे उपयोगी पडतात. सत्यनिर्णयासाठी केलेली चर्चा तो वाद, विजयासाठी केलेली तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणारी ती वितंडा. मौखिकी तत्त्वतः वाद असावी. प्रत्यक्षात ती अनेकदा दोन टोकांना जाते : परीक्षक स्वतःचा पक्ष गुप्त ठेवून त्रुटींची यादी वाचतो तेव्हा ती वितंडा होते, आणि प्रश्नोत्तरे आधीच ठरल्यासारखी पार पडतात तेव्हा ती चर्चाच राहत नाही, समारंभ होतो. वादाची पहिली अट ही की दोन्ही पक्षांना आपले मत बदलण्याची शक्यता मान्य असावी. ज्या परीक्षकाला उमेदवाराकडून काही शिकण्याची अपेक्षाच नाही, तो उमेदवाराच्या संशोधनाची परीक्षा घेत नसतो. तो केवळ त्याच्या आज्ञाधारकतेची परीक्षा घेत असतो.

मराठीच्या स्वतःच्या परंपरेत या संदर्भात एक बोलके उदाहरण आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासात आलेल्या माणसांकडून आठवणी गोळा केल्या आणि त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर ‘लीळाचरित्रा’ची संहिता स्मरणातून पुन्हा सिद्ध करावी लागली, आणि तिच्या पोथ्यांत एखाद्या लीळेचा वेगळा पाठ कोणाच्या आठवणीतला आहे याची नोंद करण्याची रीत दिसते. श्रद्धेचा विषय असलेल्या ग्रंथातही मतभेद पुसून टाकण्याऐवजी तो नावानिशी जपला गेला, हे महत्त्वाचे आहे. आपले ज्ञान कोठून आले आणि ते कोठे डळमळीत आहे हे सांगणे, हा संशोधकाचा पहिला सद्गुण मानला तर त्याची मुळे परकीय पद्धतिशास्त्रात शोधण्याची गरज नाही. आजच्या गुणपत्रकात मात्र या सद्गुणासाठी रकाना नाही. उलट, शंका मोकळेपणाने मांडणारा उमेदवार अपुऱ्या तयारीचा मानला जातो आणि ठाम सुरात बोलणाऱ्याला आत्मविश्वासाचे गुण मिळतात.

येथे भाषेचा प्रश्न अपरिहार्यपणे येतो. शिकणाऱ्या पहिल्या पिढीतील उमेदवार आपल्या भागातील ओव्या, लोककथा किंवा बोलींवर क्षेत्रकार्य करून येतो. त्याची सामग्री अव्वल असते. पण सभेत प्रमाण भाषेत बोलताना तो अडखळतो. सादरीकरणाचे गुण म्हणजे प्रमाण भाषेतील सफाईचे गुण असतील, तर परीक्षा संशोधनाची न राहता जन्मपरिस्थितीची होते. यावर सहसा सुचवला जाणारा उपाय सहानुभूतीचा असतो : अशा उमेदवाराला थोडे सांभाळून घ्यावे. परंतु सांभाळून घेणे हाही अन्यायच आहे. त्यात उमेदवाराचे विधान तपासण्यायोग्य मानलेच जात नाही, आणि पुढे त्याच्या पदवीकडे शंकेने पाहणाऱ्यांच्या हाती आयतेच कारण मिळते. न्याय्य मार्ग वेगळा आहे. उत्तर बोलीत येवो, अडखळत येवो, पण प्रश्न सौम्य करू नये. ही ओवी कोणी गायिली, तिचे दुसरे रूप ऐकले काय, दोन रूपांतील फरकाचा अर्थ तुम्ही असाच का लावला, हे प्रश्न कोणत्याही भाषेत तितक्याच काटेकोरपणे विचारता येतात. दया प्रश्न कमी करते. न्याय उत्तराला वेळ देतो.

काही अभ्यासक यावर उपाय म्हणून यांत्रिक तपासणीकडे वळतात. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; त्यापुढे साम्याच्या प्रमाणात कारवाईच्या पायऱ्या आहेत. नियम आवश्यक आहे. परंतु तो शब्दांचे साम्य मोजतो. दुसऱ्या भाषेतील ग्रंथातून अनुवादित होऊन निनावीपणे आलेली संकल्पना त्याच्या तावडीतून सहज सुटू शकते. आता कृत्रिम बुद्धिमत्ता कोणाच्याही शब्दांशी न जुळणारे, सफाईदार आणि निर्जीव गद्य हवे तितके पुरवू लागली आहे. साम्याचा आकडा अत्यल्प आणि विचारही तितकाच अत्यल्प, असा प्रबंध ही यापुढे काल्पनिक गोष्ट नाही. लिखित मजकुराची सफाई हा प्रामाणिकपणाचा पुरावा राहिला नाही, तेव्हा समोरासमोरच्या प्रश्नाचे महत्त्व वाढते.

पण मग परीक्षकावरील जबाबदारीही वाढते. प्रबंध पूर्ण वाचल्याशिवाय असा प्रश्न विचारता येत नाही. एका विभागाचा मार्गदर्शक दुसऱ्या विभागात परीक्षक होतो आणि भूमिकांची अदलाबदल होते, तेव्हा नकाराची किंमत दोघांनाही माहीत असते; या परस्परसौजन्यात प्रबंध न वाचताही अहवाल लिहिता येतो. मौखिकी खुली असावी, ही नियमावलीतील अपेक्षा याच कारणासाठी गंभीरपणे घेतली पाहिजे. सभागृहात विभागातील इतर संशोधक उपस्थित असतील, तर उमेदवाराच्या उत्तराबरोबर परीक्षकाचा प्रश्नही तपासला जातो. कोणी प्रबंध वाचला आहे आणि कोणी नाही, हे विद्यार्थ्यांना पहिल्या दोन प्रश्नांतच कळते. संशोधन म्हणजे काय याचा त्यांना मिळणारा पहिला धडा बहुधा तोच असतो.