हाताला न कळलेली झीज

स्टिअरिंग फिरवायला लागल्यापासून पुढची चाकं प्रत्यक्ष वळेपर्यंत ते जेवढं रिकामं फिरतं, त्याला गॅरेजमध्ये ‘प्ले’ म्हणतात. नव्याकोऱ्या गाडीतही तो किंचित असतो, आणि तेवढा असावाच लागतो. प्रश्न वाढलेल्या प्लेचा आहे. आणि मला तो यंत्राइतकाच नीतीचाही वाटतो.

मारुती ८००सारख्या गाडीतलं साधं रॅक-पिनियन घ्या. रॅक म्हणजे दाते पाडलेला पोलादी दांडा, गाडीच्या रुंदीत आडवा. चालकाच्या बाजूला त्याला पिनियनचे दाते आणि स्प्रिंगचा दाब देणारा एक ठोकळा असे दोघं धरून असतात. दुसऱ्या टोकाला, म्हणजे आपल्याकडे डावीकडे, त्याला आधार एका बुशचा. अंगठीसारखी छोटी चकती. पूर्ण रॅकच्या किमतीपुढे तिची किंमत किरकोळ. टोकावरचा रबरी बूट फाटला की चिखलपाणी आत शिरतं, ग्रीस वाहून जातं आणि बुश झिजतो. मग दांडा नळीत वरखाली आपटतो. खराब रस्त्यावर, कमी वेगात, डावीकडून खालून खटखट ऐकू येते.

पण ही खटखट फार उशिरा येते. त्याआधी कित्येक महिने झीज चाललेली असते, आणि तेवढाच काळ चालकाचे हातही शिकत असतात. स्टिअरिंग केसभर जास्त फिरवायचं, सरळ रस्त्यावरही सारखं किंचित सावरत राहायचं. रोज बुश जेवढा झिजतो तेवढे हात जुळवून घेतात, आणि बेरीज कायम शून्य येते. म्हणून ‘‘साहेब, रॅकमध्ये प्ले आलाय,’’ असं मेकॅनिकने सांगितल्यावर ‘‘मला तर काही जाणवत नाही हो,’’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच काही जाणवत नाही. मला अस्वस्थ करतो तो नेमका हा प्रामाणिकपणा.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ या निबंधात एका जहाजमालकाचा दाखला दिला होता. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. मालकाच्या मनात शंका येतात, पण तो त्या हळूहळू गप्प करतो आणि अगदी मनापासून विश्वास ठेवून जहाज समुद्रात सोडतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याची खात्री कितीही प्रामाणिक असो, तो दोषी आहे. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तेवढाच दोषी असता.

हा दाखला आपल्या चालकाला पुरा लागू पडत नाही. जहाजमालकाने शंका दाबली होती. इथे शंका उगवलीच नाही. ती उगवण्याची जागाच हातांनी रोज थोडी थोडी बुजवून टाकली. जे मनात आलंच नाही, ते दाबल्याचा आरोप कसा करायचा?

आपल्या मोटार वाहन कायद्याचं, १९८८च्या, कलम १९० याबाबत क्लिफर्डच्या एक पाऊल पुढे आहे असं मला वाटतं. गाडीतला धोकादायक दोष माहीत असताना ती सार्वजनिक रस्त्यावर चालवणं हा गुन्हा आहेच; पण साधारण काळजी घेतली असती तर जो दोष कळला असता, त्यासाठीही चालक जबाबदार आहे. म्हणजे तुमच्या मनात काय होतं एवढंच कायदा विचारत नाही. तुम्ही बघायला गेला होतात का, हेही विचारतो. (तेच सरकार दर ठरावीक काळाने पीयूसीसाठी आपला धूर तपासून घेतं, खासगी गाडीचं स्टिअरिंग मात्र नोंदणीची पंधरा वर्षं संपेपर्यंत कुणी हलवूनही बघत नाही.)

बघायचं कसं, याचं उत्तर तपासणीच्या पद्धतीतच आहे. ती एकट्याला नीट जमत नाही. गाडी जमिनीवर, एक जण आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे जरासं हलवतो, दुसरा खाली सांध्यांवर हात ठेवून हालचाल कुठे हरवते ते शोधतो. मग पुढचं टोक उचलून, स्टँडवर टेकवून, चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवायचं. तिथे ढिलेपणा लागला तर संशय टाय रॉड आणि रॅकवर. बारा आणि सहाच्या जागी लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटवर. शेवटी डाव्या बुटाजवळ दांडा धरून वरखाली दाबायचा. तो नळीत ठकठकला की बुश गेला. या सगळ्यात चालकाच्या जागेवर बसलेल्याची साक्ष कुणी विचारत नाही. ती उपयोगाची नसते.

म्हणून साधारण काळजी म्हणजे जास्त लक्ष देऊन गाडी चालवणं नव्हे. सवय झालेले हात कितीही लक्ष दिलं तरी तेच सांगणार. वर्षातून एकदा बूट फाटलाय का ते वाकून बघणं, आणि किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन ‘जरा चक्कर मारून सांग’ म्हणणं, एवढीच ती काळजी. हे न करणाऱ्याला मी दोषी मानतो, त्याला काही जाणवत नसलं तरी. कारण प्ले त्याच्या स्टिअरिंगमध्ये असला, तरी सायकलवरून बाजूने जाणाऱ्या मुलाने त्याला काहीही संमती दिलेली नसते.

आणि जाणवलेलं ज्याला सांगता येतं, त्या मेकॅनिकचं काय? त्याच्यासमोर एक सोपी वाट असते. पिनियनमागच्या त्या ठोकळ्याचा बोल्ट थोडा आवळला की खटखट कमी होते, गिऱ्हाईक खूश. बुश तसाच. शिवाय जास्त आवळलं तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. हे चालकाच्या सवयीपेक्षा वाईट, कारण इथे माहीत असलेला माणूस माहीत नसलेल्याचा एकमेव पुरावा, तो आवाज, नाहीसा करतो. क्लिफर्डचा जहाजमालक मला खरा इथे दिसतो.

नीट काम थोडं लांबतं. टाय रॉड सोडवायचा, बूट काढायचा, जुना बुश उचकटून नवा बसवायचा, ग्रीस भरायचं, नवा बूट चढवायचा, शेवटी व्हील अलाइनमेंट. आणि एवढं केल्यावर गिऱ्हाईक एक चक्कर मारून परत येतं नि तक्रार करतं, की आधी बरी होती, आता गाडी हात लावताच वळते. चांगला मेकॅनिक त्यावर वाद घालत नाही. ‘‘चार दिवस चालवा, साहेब,’’ म्हणतो आणि हात पुसायला फडकं उचलतो.